खिशातलं भविष्य

चीजच्या त्या तुकड्याकडे ती इतका वेळ टक लावून बघत होती की दुकानदाराने आधी खाकरून पाहिलं, मग उगाच काच पुसून पाहिली, आणि शेवटी नाद सोडून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती मात्र ओणवी ती ओणवीच. अंबाड्यात खुपसलेली पेन्सिल, काचेला टेकायच्या बेतात आलेलं नाक, आणि नजर चीजवरच्या निळ्या रेघांवर.

“डावीकडचा घ्या,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. “त्याचं भविष्य बरं दिसतंय.”

ती ताडकन सरळ झाली. मागे एक तरुण उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात एका बाजूने मोडलेली छत्री, त्यामुळे एकच खांदा ओला... आणि ओठांवर मुश्किलीने दाबून धरलेलं हसू.

“भविष्य?” तिने विचारलं.

“टायरोमॅन्सी. चीज बघून भविष्य सांगायची विद्या. ग्रीकमध्ये ‘टायरोस’ म्हणजे चीज आणि ‘मँतेया’ म्हणजे भविष्यकथन, नाही का?” एवढं बोलून त्याने स्वतःचा पाकीटबंद पाव घेतला, मान किंचित झुकवली आणि तो चालता झाला.

दुसरी एखादी असती तर लाजली असती. निदान दारापर्यंत जाऊन बघून तरी आली असती. हिच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

तसं बघितलं तर ती चुकचुकायला निमित्त लागायचंच नाही. दूधवाला वेळेआधी आला तरी ही विचार करायची, आजच का बरं? घरात आत्या तिला ‘फौजदार’ म्हणायची आणि ते नाव आता कचेरीतही पोचलं होतं. पण या वेळी निमित्त खरोखरच होतं. फौजदार एका शब्दकोशाच्या कचेरीत संपादिका होती, आणि भविष्य पाहण्याच्या पद्धतींना इंग्रजीत जी नावं आहेत त्यांच्या इतिहासाचा एक छोटा कोश करत होती. तिचं स्वतःचं, तिच्या नावाने निघणारं पहिलंच पुस्तक. आणि टायरोमॅन्सीची नोंद तिने त्याच आठवड्यात पुरी केली होती! हा शब्द शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ठाऊक नसतो. मग पाव घ्यायला आलेल्या वाटसरूला कसा ठाऊक?

उत्तर उघड होतं. पलीकडच्या गल्लीतल्या प्रकाशनाचा माणूस!

पलीकडच्या गल्लीतलं प्रकाशन म्हणजे या कचेरीच्या घशातला काटा. एकदा त्यांनी यांच्या कोशातला अख्खा विभाग उचलून छापला होता, अगदी स्वल्पविरामासकट. आणि आता ते वर्तमानपत्रात दर रविवारी एक सदर चालवत होते— भविष्यकथनाच्या शब्दांवरच! गेल्या रविवारी कोंबडा, त्याआधी धूर. कोंबडा तर तिचा लाडका. अलेक्ट्रिओमॅन्सी: जमिनीवर गोलात अक्षरं मांडायची, प्रत्येकावर दाणे ठेवायचे, आणि कोंबडा ज्या क्रमाने टिपेल त्यातून उत्तर वाचायचं. तिने त्यावर महिनाभर डोळे फोडले होते, आणि त्यांनी चहाच्या घोटाबरोबर छापून टाकलं. पुस्तक निघायच्या आत सगळाच माल तिकडे छापून आला, तर तिचं पुस्तक शिळ्या भाकरीच्या किमतीचं होणार होतं.

आणि सोमवारी ती कचेरीत पाऊल टाकते न टाकते तोच मुख्य संपादक असलेले सर म्हणाले, “ये. हे आपले नवे मुद्रितशोधक. तुझी पानं आजपासून हेच तपासतील.”

मोडकी छत्री कोपऱ्यात ठिबकत होती.

“आपण भेटलोय,” तो हसत म्हणाला. “तुकडा कुठला घेतलात शेवटी?”

“मी चीज खात नाही,” ती म्हणाली, आणि आपल्या टेबलाचा ड्रॉवर तिने कुलूप लावून बंद केला.

* * *

आता तिचं दुर्दैव असं, की तो माणूस कामाला फारच चांगला निघाला. आळशी असता तर तिला हायसं वाटलं असतं. पण हा प्रत्येक ओळीखाली एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत सावकाश वाचायचा, ओठ न हलवता, आणि मधेच थांबून असा काही प्रश्न विचारायचा की तिला उत्तर देण्याचा मोह आवरत नसे.

“ऑस्पिशस म्हणजे शुभ, हे ठीक. पण त्यात पक्षी कुठून आले?”

“लॅटिनमधून. ‘एव्हिस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे बघणं. पक्षी कुठून कुठे उडतात ते बघून शकुन सांगणारे लोक होते. पुढे पक्षी उडून गेले, नुसतं शुभ तेवढं राहिलं.”

“आणि कॉन्टेम्प्लेट? तो तुम्ही या कोशात का घेतलात? त्याचा अर्थ तर नुसता चिंतन करणं.”

“आता नुसता. त्यातलं ‘टेम्प्लम’ म्हणजे शकुन बघणाऱ्याने काठीने आखून घेतलेला आकाशाचा तुकडा. तेवढ्याच तुकड्याकडे बघत बसायचं, काहीतरी दिसेपर्यंत.”

“हं...” त्याने पुठ्ठा खाली ठेवला आणि तिच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या चौकटीत ढगांचा एक राखाडी चौकोन होता आणि त्याच्या अलीकडे ती. “मग मी सोमवारपासून तेच करतोय.”

तिचे कान तापले. तिने घाईघाईने पान उलटलं आणि ते फाटलं. हा गोड बोलून काय काढून घेतोय? पुढचे शब्द? की त्यांचा क्रम? चोरालाही आधी घरच्यांशी ओळख वाढवावीच लागते!

पण संध्याकाळी पायऱ्या उतरताना तोच चौकोन तिच्या डोळ्यांसमोर होता, हे ती कुणालाच सांगणार नव्हती.

आत्याला सांगावं लागलं नाही. आत्याने आयुष्यभर दवाखान्यात परिचारिकेचं काम केलं होतं. चेहरा बघून ताप ओळखायची तिला सवय. उशीचा अभ्रा शिवता शिवता ती म्हणाली, “दिसायला कसा आहे?”

“कोण?”

“ज्याच्यावर तू पाळत ठेवून आहेस तो.”

“आत्या, तो बहुतेक चोर आहे.”

“बहुतेक? मग विचार की त्याला.”

“असं कुणी विचारतं का!”

“आमच्या दवाखान्यात विचारायचे,” दोरा दाताने तोडत आत्या म्हणाली. “मोठमोठी यंत्रं लावायच्या आधी पेशंटला विचारायचे, बाबा, दुखतंय कुठे? निम्म्या वेळा तिथेच कळायचं.”

फौजदाराला हा सल्ला अगदीच बाळबोध वाटला. तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

शब्दकोशवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: आपल्या कोशात एक खोटा, मनाने रचलेला शब्द पेरून ठेवायचा. तो दुसऱ्याच्या पुस्तकात उगवला की चोरी सिद्ध. सरांनी मात्र आपल्या कचेरीत ही युक्ती बंद केली होती. “खोटा शब्द एकदा छापला की मरत नाही,” ते म्हणायचे. “दहा विद्वान तो आपापल्या यादीत उतरवून घेतात.” आणि भविष्यकथनाच्या शब्दांच्या बाबतीत तर ते शंभर टक्के खरं होतं. यातले कित्येक शब्द कुणा भविष्यवाल्याच्या तोंडी कधी आलेच नसतील. एका पंडिताने ग्रीक जोडून यादी केली, दुसऱ्याने ती उतरवली आणि वर आपले दोन शब्द घातले, तिसऱ्याने इंग्रजीत आणली. उंदरांपासून राखेपर्यंत सगळ्यांच्या विद्या जमा झाल्या. त्या गर्दीत आणखी एक घुसला तर कुणाला पत्ता लागणार?

छापायचा नाहीच, तिने स्वतःला बजावलं. फक्त त्याच्या हातातल्या पानांत घालायचा. रविवारच्या सदरात आला की पकडायचं.

आणि तिने शब्द रचला— थायलॅकोमॅन्सी. ‘थायलॅकोस’ म्हणजे ग्रीकमध्ये थैली. म्हणून, माणसाच्या खिशातल्या वस्तूंवरून त्याचं भविष्य सांगण्याची विद्या. चार ओळींची नोंद, खोट्या इतिहासासकट. हजार वस्तू सोडून खिसेच का सुचले? तर त्या माणसाच्या खिशांत काय असतं याचा ती आठवडाभर विचार करत होती, म्हणून. संशयापोटीच हं!

* * *

“हा शब्द मला नवा आहे,” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. बाकीचे खाली गेले होते. पाऊस खिडकीवर तडतडत होता. “आणि पद्धत नीट सांगितलेली नाही.”

“काय राहिलंय?”

“खिसे ज्याचे त्याने रिकामे करायचे... की बघणाऱ्याने हात घालायचा?”

“ज्याचे त्याने!” ती जवळजवळ किंचाळली. “सभ्य लोकांची विद्या आहे ती.”

“मग बघा माझं.” आणि त्याने खरोखरच एकेक वस्तू तिच्यापुढे मांडायला सुरुवात केली. किल्ली. पेन्सिलीचं बोटभर थोटूक. सदऱ्याचं तुटलेलं बटण. कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी.

तिला हसू येत होतं आणि ते आवरताही येत नव्हतं. “किल्ली एकच... म्हणजे घरी दार उघडायला कुणी नाही.”

“बरोबर.”

“बटण... म्हणजे शिवून द्यायलाही कुणी नाही.”

“शिवता मला येतं. सध्या लक्ष दुसरीकडे असतं.”

“आणि ही गोळी?”

“ती तुमची. चहानंतर तुम्ही रोज ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधता आणि सापडत नाही. परवा आठवण झाली, घेऊन ठेवली.”

गोळी तिच्या तळव्यात होती. त्याचं बोट अजून गोळीवरून उचललं गेलं नव्हतं... आणि त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्याने अख्खा कोश मागितला असता तरी तिने ड्रॉवरची किल्ली काढून दिली असती.

“हे राहिलं,” तो म्हणाला आणि वरच्या खिशातून त्याने ओळींखाली सरकवायचा तो जाड पुठ्ठा काढून ठेवला. पुठ्ठा उलटा पडला. मागे छापील नाव होतं, पत्ता होता. ते कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड होतं.

पलीकडच्या गल्लीतल्या प्रकाशनाचं.

तिने हात मागे घेतला. आत्ता विचारायला हवं होतं. ‘हे तुमच्याकडे कसं?’ एवढंच, तीन वर्षांचं पोरही विचारतं. पण संशयी माणूस विचारत नाही, तो शोधतो. आणि शोधायचं ते तर आता टेबलावरच पडलं होतं.

“काय दिसतंय?” त्याने विचारलं.

“धूसर आहे,” ती म्हणाली आणि पेपरमिंटची गोळी तिने परत त्याच्यापुढे सरकवली.

रविवारच्या सदरात थायलॅकोमॅन्सी आला नाही. तिथे बापडे उंदीर होते. यावरून तिने काय निष्कर्ष काढावा? की चोर फार हुशार आहे!

सोमवारी ती सरांच्या खोलीत गेली आणि सगळं भडाभडा बोलून मोकळी झाली. एक गोष्ट तेवढी गाळली, आपण पेरलेल्या शब्दाची.

सरांनी चष्मा काढून पुसला. “त्याला विचारलंस?”

“चोराला काय विचारायचं, सर?”

“मी विचारलं असतं. वेळ वाचतो.” त्यांनी निःश्वास सोडला. “मला जे ठाऊक आहे ते मी सांगणार नाही. विचारायचं तू, सांगायचं त्याने. मी मध्ये कशाला? तोवर त्याला छापखान्यावर पाठवतो. चालेल?”

ती ‘चालेल’ म्हणाली. दुपारी तो आपली छत्री उचलताना तिच्यापाशी थांबला.

“तुमची पानं मी बघू नयेत असं ठरलंय म्हणे. कारण विचारू?”

“नको.”

“बरं.” त्याचा चेहरा इतका साधा होता की तिला तो बघवेना. “एवढा महिना संपला की मीही दुसरीकडे बघेन म्हणतो. तुम्हाला अवघडल्यासारखं नको.”

तो गेला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्या तंद्रीतच तिने पुस्तकाची अखेरची फाइल उघडली, डोळे पुसले, आणि छापखान्याला धाडून दिली.

* * *

पुस्तक छापायला लागायचं त्या सकाळी ती चहा घेत होती. कौतुकाने तिने शेवटची पानं पडद्यावर उघडली, ‘टी’ अक्षराशी आली, आणि कप तसाच हवेत राहिला.

थायलॅकोमॅन्सी. चार ओळी. खोट्या इतिहासासकट!

घाईत तिने त्याच्यासाठी केलेली, खोट्या शब्दाची फाइलच पाठवली होती. तिचं पहिलं पुस्तक, आणि त्यात तिने स्वतःच्या हाताने रचलेलं थोतांड! पलीकडच्या गल्लीला हे कळलं असतं तर त्यांनी रविवारचं सदर सोडून रोजचं चालू केलं असतं. तिने फोन लावला. छापखान्याचा नंबर लागेना. छत्री न घेताच ती निघाली, दोन गल्ल्या धावत.

छापखान्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता, आणि शांतता होती. मशीन बंद होतं. मशीनवाले काका स्टुलावर बसून वैतागाने पाय हलवत होते.

“आलात? बरं झालं,” ते म्हणाले. “हे साहेब सकाळपासून मशीनला हात लावू देत नाहीत. म्हणतात, बाई आल्याशिवाय नाही.”

तो टेबलाशी उभा होता. समोर तेच पान. डोळ्यांखाली जाग्रण दिसत होतं, आणि आज ओठांवर हसू नव्हतं.

“तीन ग्रंथालयं पालथी घातली,” तो म्हणाला. “हा शब्द कुठल्याही कोशात नाही, कुठल्याही यादीत नाही. तुम्हाला कुठे मिळाला?”

तिने ओलं कपाळ पुसलं. केसांतून पाणी निथळत होतं.

“मला काय काय वाटून गेलं, सांगू? वाटलं, या बाई असे आणखीही शब्द रचत असतील. मग मी तुमच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, एकूण एक. सगळ्या चोख आहेत. एवढी ही सोडून.” त्याचा आवाज खाली आला. “सरांकडे जाता आलं असतं. पण म्हटलं, आधी तुम्हालाच विचारावं.”

आधी तुम्हालाच विचारावं! तिला एकदम आपली लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी.

“मी रचला,” ती म्हणाली. “तुम्हाला पकडायला. तुम्ही त्या पलीकडच्या लोकांचे वाटलात मला.”

“मी होतोच त्यांचा. सहा वर्षं. ते चोरतात हे कळलं त्या दिवशी राजीनामा दिला. सरांना पहिल्याच भेटीत सांगितलं सगळं.”

“आणि ते कार्ड?”

“माझ्याकडे गठ्ठाच आहे. ओळीखाली सरकवायला बरं पडतं. जाड असतं... त्या कंपनीचं तेवढंच चांगलं आहे.”

“आणि चीज?” आता ती थांबणार नव्हती. “तुम्हाला टायरोमॅन्सी कसा ठाऊक?”

“सरांनी माझी परीक्षा घेतली ती तुमच्याच पानांवर. चीजचं पान होतं त्यात. वाचताना वाटलं, हे लिहिणारी बाई भेटायला हवी. खाली उतरलो, तर दुकानात एकजण पेन्सिल खोवून चीजला प्रश्न विचारत होती.” तो पहिल्यांदा किंचित हसला. “गावात अशा दोघी कशा असतील?”

म्हणजे सगळं इतकं सोपं होतं. एवढे दिवस उत्तर तिच्यासमोर बसून डबा खात होतं, आणि ही त्याच्या खिशांत भविष्य शोधत होती.

“झालं असेल तर काय ते सांगा,” काका म्हणाले. “चार ओळी काढल्या तर पुढची सगळी पानं वर सरकतील. त्या जागी दुसऱ्या चार द्या.”

ती टेबलाशी बसली. त्याने न मागताच पेन्सिलीचं थोटूक पुढे केलं. क्षणभर विचार करून तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आणि कागद त्याच्याकडे दिला. त्याने तो वाचून दाखवला.

“‘संपादिकेची टीप: पक्षी, कोंबडे, उंदीर, धूर, राख आणि चीज यांना माणसाने आजवर असंख्य प्रश्न विचारले. समोरच्या माणसाला सरळ विचारण्याच्या पद्धतीला मात्र असं भारदस्त ग्रीक नाव कुणी दिलेलं आढळत नाही. तिचा वापर फारच कमी झाला असावा.’”

“तपासून घ्या,” ती म्हणाली. “मुद्रितशोधक आहात.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “एकही चूक नाही.”

काकांनी ओळी बसवल्या. प्लेट चढली. मशीनच्या बटणावर त्यांचा अंगठा गेला, आणि ती पटकन उठून उभी राहिली.

“एक मिनिट, काका. माझा एक प्रश्न राहिलाय.”

काकांनी कपाळाला हात लावला. ती त्याच्याकडे वळली. छातीत इतकं धडधडत होतं की मशीन चालू झालं की काय असंच वाटावं. शब्द चांगले शोधायला हवे होते, पण तिने शोधले नाहीत.

“तुम्हाला मी आवडते का?”

“हो,” तो म्हणाला. लगेच. जणू हा प्रश्न कुणी कधी विचारतंय याचीच वाट बघत होता. मग त्याने चष्मा काढला, आणि तिच्याकडे बघत म्हणाला, “आणि तुम्हाला मी?”

फौजदाराला उलट प्रश्न कुणी विचारत नाही. तिने या तपासात सगळ्यांची उत्तरं गृहीत धरली होती, स्वतःचं सोडून. काका बघत होते. तोही बघत होता, आणि या खेपेला त्याच्या चेहऱ्यावर धास्ती अगदी स्पष्ट दिसत होती. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं! एवढ्या हुशार माणसाला एवढं ठाऊक नसावं?

“हो,” ती म्हणाली. मग घाईघाईने, “पण कधीपासून ते विचारायचं नाही हं.”

“विचारणार,” तो म्हणाला.

काकांनी बटण दाबलं.